आणलं कोणी

अपघात विभागाच्या रजिस्टरात
सहावा रकाना माझा.
आधी नाव, वय, गाव, वेळ, इजा.
मग : आणलं कोणी.
मी रुजू झाले तेव्हा तिथं
वर्षभराचं एकच उत्तर होतं,
अनोळखी इसम.
पानामागून पान अनोळखी इसम,
स्ट्रेचरवर ओझं उतरवून, पँटला हात पुसून
पोलीस यायच्या आत
मागच्या गेटनं गेलेला.

त्याला शोधायला निघाले,
हायवेच्या कडेकडेनं,
स्कूटीला भुशाचं माणूस बांधून.
गोणीला बाह्या मीच शिवल्या,
नाव पोरांनी ठेवलं, भुसाराम.
किती गावांत मी त्याला पाडलं,
ट्रॅक्टरखाली, विहिरीच्या काठाशी,
वासुदेव लक्षणेच्या सलूनात खुर्चीवरून.

मान हलवू नका. पाणी पाजू नका.
रक्त येतं तिथं दाबा,
थांबलं का बघायला हात काढू नका.
तुटलंच, थांबेना, तर वर आवळा,
आणि आवळल्याची वेळ
कपाळावर लिहा.
"कपाळावर तं सटवाई लिहिते, बाई,"
म्हणाली एक म्हातारी,
सगळा पार हसला. मीही.

बोरडोहला कोणी हसलं नाही.
दामोधर आत्राम उठून उभा राहिला.
पोराला मोटरसायकलवर
दोघांच्या मधात बसवून आणलं होतं त्यांनी,
डोकं खांद्यावर डोलत होतं,
लेकरू झोपल्यावानी.
"तुमी मागल्या महिन्यात याले पायजे होतं, मॅडम."
एवढंच.
मग सगळ्यांच्या आधी पुढं आला,
भुसारामची मान दोन्ही तळव्यांत धरली.
पुरे म्हटलं तरी
सोडली नाही.

सोयाबीन निघायच्या दिवसांत
रात्री साडेनवाला पिकअप आली.
हडंब्यात हात गेलेला माणूस.
दंडाला सायकलची ट्यूब करकचून, मधात पान्हा पिळलेला,
आणि कपाळावर निळ्या शाईत
८.४०
चारचं पोट फुगलेलं,
घामानं शून्याला शेपूट फुटलेलं.
डॉक्टर फिलिप, केरळचे, नवे,
टॉर्च धरून विचारतात,
सिस्टर, ये क्या लिखा है?
मी वाचलं.
पन्नास मिनिटं, सर.

त्यानंतर नागपूरला फोन, रक्ताच्या दोन पिशव्या,
डबा अर्धा टाकून उठलेला
एकशे आठचा ड्रायव्हर.
मागचं गेट उघडंच होतं.
पिकअपला टेकून सातवीतली एक पोरगी उभी,
शाळेच्या फ्रॉकला डाग,
मुठीत स्केचपेन.
पुसलं तर नाव सांगितलं तिनं
हजेरीला सांगावं तसं, पूर्ण.
आचल इस्तारी कुमरे.
रकाना अरुंद,
आडनाव समासात गेलं.

चार दिवसांनी फाट्यावर गेले,
धुतलेली ट्यूब पिशवीत घेऊन.
इस्तारी टायर उलथवत होता.
मान वर न करता म्हणाला, "वाचला का?"
माणूस वाचला. हात नाही.
"कोणता जी, डावा का उजवा?"
उजवा.
बराच वेळ पंपाचाच आवाज.

"पोरगी बसून गेली गाडीत. मी भेलो.
याआधी दोनदा आलो होतो तुमच्या दवाखान्यात.
थांबलो नाही."

मी काय बोलणार.
रजिस्टर सोबत नव्हतं,
आणि जुन्या पानांवर खाडाखोड चालत नाही.

त्यानं ट्यूब हातात घेतली,
नखानं ताणून पाहिली,
कात्रीनं उभ्या चिरल्या तीन पट्ट्या,
दोन-दोन बोटं रुंद,
आणि हवेच्या मीटरशेजारी
खिळ्याला टांगल्या.
खाली दोऱ्यानं बांधलं
निळं स्केचपेन.